पाण्यावरचा व्यापार आणि लवचिकतेचे मोल

व्यापाऱ्याच्या अंगी कोणते गुण असावेत याची यादी करावयास बसले, तर सचोटी, काटकसर, चिकाटी आणि हिशेबातील चोखपणा हे गुण कोणीही प्रथम सांगेल. परिस्थितीनुरूप वळण घेण्याची तयारी, म्हणजेच लवचिकता, हा गुण मात्र या यादीत बहुधा मागे राहतो. पेढीवर बसून व्यापार करणाऱ्याचे तिच्यावाचून काही काळ निभावतेही. पण ज्याचे भांडवल पाण्यावर तरंगते, त्याचे एक दिवसही निभावत नाही. म्हणून या गुणाचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात नौकाविहाराचा, म्हणजे सहलीसाठी लहान-मोठ्या नौका खलाशांसह भाड्याने देण्याचा धंदा उदाहरणादाखल घेतला आहे. गोमंतकात, विशेषतः पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत, या धंद्याला वाव आहे आणि त्यातील जोखीमही तेथे स्पष्ट दिसते.

भूमी आणि पाणी

पेडणे तालुक्याच्या उत्तरेस तेरेखोल नदी, दक्षिणेस शापोरा नदी आणि पश्चिमेस अरबी समुद्र आहे. मोरजी, मांद्रे, हरमल आणि केरी ही गावे सागरतीरावर वसलेली असून केरीहून पलीकडे तेरेखोलच्या किल्ल्याकडे फेरीबोटीने जाता येते. डिचोली तालुक्याला समुद्रकिनारा नाही. परंतु मांडवी आणि तिला मिळणाऱ्या नद्यांमुळे त्याचा समुद्राशी असलेला संबंध जुना आहे. या तालुक्यातील कुडणे व नार्वे येथे प्राचीन जैन वास्तूंचे अवशेष आहेत. कुडण्याच्या अवशेषास लोक ‘गुजीर’ म्हणतात आणि त्या नावाचा संबंध गुजराती व्यापाऱ्यांशी जोडला जातो. आपल्या समाजाच्या वाचकांना याचे विशेष अगत्य वाटावे. कारण ज्या जलमार्गांचा आज आपण विचार करीत आहोत, त्यांच्या काठी आपल्या पूर्वसूरींच्या वावराच्या खुणा आहेत.

आधुनिक काळात या भागाकडे पाहण्याची दृष्टी पालटली आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने ज्या नद्यांना राष्ट्रीय जलमार्ग म्हटले, त्यांत मांडवी, जुवारी, कुंभारजुवे कालवा, म्हापसा, साळ यांच्यासह शापोरा नदीचाही समावेश आहे. मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून वाहतूक सुरू झाली आणि एके काळी गोव्याच्या एका कोपऱ्यात पडलेला पेडणे तालुका प्रवाशांच्या उंबरठ्यावर आला. तेव्हा या धंद्यात उतरण्याचा मोह अनेकांना होणे स्वाभाविक आहे. उतरण्यापूर्वी पाण्याचा स्वभाव मात्र ओळखला पाहिजे.

घड्याळ आणि भरती-ओहोटी

दुकान सकाळी नऊला उघडावे व रात्री आठला बंद करावे, असा नियम व्यापारी घालून घेतो. नौकेला हा नियम लागू पडत नाही. या किनाऱ्यावर दिवसातून दोन वेळा भरती येते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. शापोरा नदीच्या मुखाशी वाळूचा उथळ पट्टा आहे; तेथून नौका सुखरूप आत-बाहेर नेण्यासाठी पुरेसे पाणी असावे लागते. ज्याने ‘रोज सायंकाळी पाच वाजता सहल’ अशी पाटी लावली, त्याची नौका आठवड्याभरातच वाळूवर रुतण्याची धास्ती. उलट ज्याने महिन्याचे भरतीचे कोष्टक समोर ठेवून प्रत्येक दिवसाची वेळ वेगळी ठरविली, त्याला ग्राहकाला आगाऊ सांगता येते आणि इंधनही वाचते.

वाऱ्याचेही असेच आहे. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारे वाहतात व पाणी बहुधा शांत असते. दुपारनंतर खारे वारे जोर धरतात. लहान मुले व वृद्ध यांना घेऊन जावयाचे तर सकाळची वेळ उत्तम. शिडाच्या नौकेतून जाण्याची हौस असणाऱ्यास दुपारनंतरची. एकाच नौकेसाठी दोन निराळे ग्राहक दोन निराळ्या वेळी मिळतात, ते असे.

हिशेबाची बाजू

व्यापारी वाचकांसाठी हे आकड्यांत मांडणे योग्य होईल. समजा, एका नौकेचा स्थिर खर्च, म्हणजे खलाशांचे वेतन, विमा, धक्क्याचे भाडे, रंगकाम, परवाने व कर्जावरील व्याज मिळून, वर्षाला १२ लक्ष रुपये आहे. पावसाळ्याचे चार महिने वगळता सुमारे २४० दिवस उरतात. नौका रोज भाड्याने गेली तर दिवसामागे ५,००० रुपयांचा भार पडेल. परंतु रोज कोणाचीच नौका जात नाही. ती १०० दिवस गेली, तर तोच भार दिवसामागे १२,००० रुपये होतो. आता त्या १०० दिवसांतच सकाळी एक व सायंकाळी एक अशा दोन अर्ध्या दिवसांच्या फेऱ्या केल्या, तर फेरीमागे तो ६,००० रुपयांवर येतो. आणखी २० दिवस नदीतील सहलींतून मिळाले, तर दिवसामागील भार १२,००० वरून १०,००० वर उतरतो. नौका तीच, खलाशी तेच. बदलतो तो केवळ तिचा उपयोग करण्याचा विचार. ‘पूर्ण दिवसच देईन, अर्धा देणार नाही, समुद्रातच नेईन, नदीत नेणार नाही,’ असा हट्ट धरणाऱ्यास हा लाभ मिळत नाही.

पावसाळ्याचा धडा

जूनपासून साधारणतः सप्टेंबरच्या मध्यापर्यंत समुद्रावरील जलक्रीडा व सहली बंद असतात. या चार महिन्यांचे काय करावे, हा या धंद्यातील सर्वांत कठीण प्रश्न होय. याचे एक उत्तर गोमंतकाच्या जुन्या जलवाहतुकीत सापडते. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटतात व तो मार्ग धोक्याचा होतो. म्हणून डिचोलीकडून खनिज घेऊन मुरगावला जाणारी बार्जे या दिवसांत समुद्रात न जाता कुंभारजुवे कालव्यातून जुवारी नदीत उतरत. वाट लांबची होती व अरुंदही होती. पण व्यापार थांबला नाही.

हाच विचार नौकाविहारास लावता येतो. मोसमात पेडण्याच्या किनाऱ्यावर चालणारी नौका पावसाळ्यात मांडवीच्या आतील पाण्यात ठेवावी. पाण्याची ओढ व परवाना या दोहोंची अनुकूलता असेल त्या दिवशी नार्वे, दिवाडी, चोडण या परिसरात लहान सहली काढाव्यात. चोडण बेटावर डॉ. सालिम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे, कुंभारजुवे कालव्यात मगरी दिसतात आणि नार्व्याला सप्तकोटेश्वराचे मंदिर आहे, ज्याच्या जीर्णोद्धाराशी १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव जोडले गेले. मात्र येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. शापोरा व मांडवी या नद्या आतून एकमेकींस जोडलेल्या नाहीत. नौका एकीतून दुसरीत न्यावयाची तर समुद्रातूनच न्यावी लागते. तो समुद्र खवळण्यापूर्वी, मे महिना संपण्याआधी, हा निर्णय झाला पाहिजे. जूनमध्ये सुचलेला शहाणपणा या ठिकाणी कामाचा नाही. लवचिकता म्हणजे आयत्या वेळी केलेली धावपळ नव्हे, तर आधी करून ठेवलेली तरतूद होय.

एकाच कामाची वस्तू

डिचोली तालुक्याने या बाबतीत एक कठोर अनुभव घेतलेला आहे. तेथील लोहखनिज सारमानस व आमोणेसारख्या ठिकाणी मांडवीकाठच्या धक्क्यांवरून बार्जांत भरले जाई. अनेक कुटुंबांनी कर्जे काढून बार्जे घेतली होती. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले व ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही ते थांबविले. पुढे २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत मुभा मिळाली. परंतु फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण न्यायालयाने रद्द केले आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. डिसेंबर २०२२ मधील लिलावानंतर डिचोलीच्या पट्ट्यात काम पुन्हा सुरू झाले खरे, पण मधल्या वर्षांत नदीकाठी गंजत उभ्या राहिलेल्या बार्जांचे हप्ते कोणासाठी थांबले नव्हते. दोष त्या मालकांच्या मेहनतीत नव्हता. बार्ज ही खनिजासारखा घाऊक माल वाहण्यासाठीच बांधलेली वस्तू; तिचे दुसरे काही करणे कठीण.

याउलट केरळातील केट्टुवळ्ळम या भातवाहू नावांची कथा पाहावी. रस्त्यांची वाहतूक वाढली आणि या नावांचे काम गेले. तेव्हा १९९० च्या दशकात त्यांवर निवासाच्या खोल्या बांधून त्यांच्या पर्यटननौका करण्यात आल्या आणि आज त्याच केरळची ओळख बनल्या आहेत. यातून घ्यावयाचा बोध इतकाच की, नौका विकत घेतानाच तिचा दुसरा उपयोग कोणता, हा प्रश्न विचारावा. उथळ पाण्यात चालेल काय? पुलांखालून जाईल काय? शिवोली-चोपडे पुलाखालून उंच डोलकाठीची नौका नेता येईल की नाही, हे मोजूनच ती घ्यावी. एरवी शापोऱ्याचा वरचा रम्य भाग तिला कायमचा बंद होतो.

ग्राहकही बदलतो

परदेशी प्रवाशांवरच विसंबलेल्या व्यावसायिकांनीही असेच धक्के सोसले आहेत. २३ सप्टेंबर २०१९ रोजी इंग्लंडमधील थॉमस कुक ही प्रवासी कंपनी बुडाली आणि तिच्या विमानांनी गोव्यास येणारे प्रवासी मोसमाच्या तोंडावर नाहीसे झाले. पाठोपाठ मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी आली. या काळात ज्यांच्यापाशी कोल्हापूर, बेळगाव, पुणे येथील कुटुंबांस परवडेल अशी दोन तासांची सहल व घरचे शाकाहारी जेवण देण्याची तयारी होती, त्यांना निर्बंध उठल्यावर पुन्हा उभे राहणे तुलनेने सोपे होते. अनेक गिऱ्हाइके बाळगावीत, एकाच मोठ्या गिऱ्हाइकाच्या हाती पेढीची किल्ली देऊ नये, हा आपल्या बाजारपेठेतील जुनाच धडा आहे.

जगातील एक उदाहरणही पाहण्यासारखे आहे. कॅरिबियन समुद्रातील टोर्टोला बेटावर १९६९ साली ‘मूरिंग्ज’ ही कंपनी सहा नौकांनिशी सुरू झाली. पुढे नौका व्यक्तिगत मालकांच्या आणि व्यवस्था कंपनीची, अशी पद्धत तिने वाढविली. आपल्या परिचयाच्या शब्दांत सांगावयाचे तर ही अडत होय. माल दुसऱ्याचा, विक्री व देखरेख आपली, उत्पन्न वाटून. अशाने एकट्यावर सारा भार पडत नाही. सप्टेंबर २०१७ मधील ‘इर्मा’ चक्रीवादळाने त्या बेटांवरील नौकांचा प्रचंड विध्वंस केला. तरी त्याच वर्षाच्या डिसेंबरात कंपनीने तेथील धंदा पुन्हा चालू केला.

न वाकण्याच्या जागा

येथवर लवचिकतेची महती सांगितली. तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. वेळ, मार्ग, दर, सहलीचा प्रकार यांत हवे तेवढे वाकावे. पण प्रवाशांची संख्या, जीवरक्षक जाकिटे, नौकेची तपासणी आणि हवामान यांत तिळमात्र वाकू नये. २०२४ च्या नाताळच्या दिवशी कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची नाव उलटली. वीस जण वाचले, एकाचा जीव गेला. त्या आधी आठवडाभरापूर्वीच मुंबईच्या बंदरात घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी नौकेला अपघात होऊन पंधरा जण मृत्युमुखी पडले. प्रत्येक दुर्घटनेचे कारण निराळे असते; पण पाण्यावर चुकीला दुसरी संधी क्वचितच मिळते, हे दोन्हींतून दिसते.

यासाठी दोन नियम लिहून ठेवावेत. पहिला असा की, हवा प्रतिकूल आहे किंवा नाही, याचा अंतिम निर्णय तांडेलाचा. मालकाचा नव्हे आणि ग्राहकाचा तर नव्हेच. ज्या तांडेलाला फेरी रद्द केल्यामुळे वेतन गमवावे लागते, तो धोका पत्करतो. म्हणून रद्द झालेल्या फेरीचेही वेतन त्यास मिळावे. दुसरा नियम असा की, हवामानामुळे सहल रद्द झाल्यास ग्राहकाने मागेल ती दुसरी तारीख अथवा पूर्ण रक्कम परत द्यावी. ग्राहकाने स्वतः रद्द केल्यास किती दिवस आधी कळविले यावरून रक्कम ठरावी. हे नियम आगाऊ पावतीवरच छापलेले असावेत. त्या दिवशी धक्क्यावर उभे राहून केलेली घासाघीस ही सवलत नव्हे. तिच्यामुळे ग्राहकाचाही विश्वास जातो आणि खलाशांचाही.

सुज्ञ वाचकहो, आपणांपैकी फारच थोडे नौकांच्या धंद्यात पडतील. परंतु कापड, धान्य, औषधे वा यंत्रसामग्री, कोणताही व्यवसाय असो, त्यालाही भरती-ओहोटी आहे, त्यालाही पावसाळा आहे. या वर्षीच्या दिवाळीत नव्या वह्यांचे पूजन कराल तेव्हा पहिल्या पानावर दोन ओळी अवश्य लिहाव्यात. आपल्या धंद्यात वाकण्याजोगे काय आहे, ही एक. आणि काही झाले तरी न वाकण्याजोगे काय आहे, ही दुसरी. त्या दोन ओळी ज्याच्या वहीत स्पष्ट आहेत, त्याला वारा फिरला तरी सुकाणू कोठे धरावे हे शोधावे लागणार नाही.