टी.व्ही.वर चित्र का येत नाही?

मुलांनो, चित्र गेले की घरात पहिले वाक्य ऐकू येते, "डबा बिघडला!" डबा म्हणजे सेट टॉप बॉक्स. मग डब्याला दोन चापट्या बसतात आणि नव्या डब्याची चौकशी सुरू होते. माझे म्हणणे असे, की डब्यावर आळ घेण्याआधी वाट तपासावी. चित्र फार लांबून येते. ते वाटेत कुठे अडले, हे आपल्याला बरेचसे घरबसल्या शोधता येते.

आपल्याकडे बऱ्याच घरांवर दूरदर्शनची फ्री डिश आहे. डिसेंबर २००४ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा तिचे नाव डीडी डायरेक्ट प्लस होते. महिन्याचे पैसे लागत नाहीत, एवढाच तिचा मोठा गुण! तिची चित्रे जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेवढ्याच वेळात तोही एक फेरी मारतो, म्हणून आपल्याला तो एका जागी टांगल्यासारखा असतो. तसे नसते तर डिश दिवसभर फिरवत बसावे लागले असते.

उपग्रहाच्या लहरी डिशवर आपटतात आणि पुढच्या दांड्यावरच्या एलएनबीत गोळा होतात. एलएनबी त्या लहरींची कंपने कमी करून वायरीने खाली डब्यात पाठवतो. गंमत अशी, की त्याच वायरीने डबा एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट वीज वर पाठवत असतो. म्हणून वायरीची पिन काढायची तर आधी डब्याचे बटण बंद. आतली तांब्याची तार बाहेरच्या जाळीला टेकली तर चांगला डबाही खरोखर बिघडेल.

आता तपासणी. रिमोटचे मेनू बटण दाबा. डब्याचा मेनू पडद्यावर आला, तर टी.व्ही. आणि डबा यांच्यामधली वायर ठीक आहे. मेनूच येत नसेल तर ती वायर आणि टी.व्ही.चा 'सोर्स' बघा. पुष्कळदा धाकट्या भावंडाने रिमोटशी खेळताना सोर्स बदललेला असतो! मेनू आला की त्यात सिग्नलचे पान काढा. तिथे दोन पट्ट्या असतात, एक ताकदीची, दुसरी गुणवत्तेची. दोन्ही शून्य असतील तर दोष बहुधा वायर, पिन किंवा एलएनबीत. ताकद आहे पण गुणवत्ता शून्य, असे असेल तर वायर आणि एलएनबी बहुतेक जिवंत आहेत, पण डिशला उपग्रह दिसत नाही. ताकदीची पट्टी भरलेली पाहून पुष्कळ लोक फसतात. खरी पट्टी गुणवत्तेची.

२०२० च्या जुलैत शाळा बंद होत्या आणि सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली'चे पाठ सुरू झाले. ज्यांच्या घरी मोठा मोबाइल नव्हता, त्यांची शाळा टी.व्ही.तच होती. चौथीतल्या एका मुलीच्या घरी नेमका तेव्हाच "सिग्नल नाही" असा फलक आला. मी गेलो तर आजी म्हणाल्या, "गुरुजी, मेकॅनिक म्हणतोय डबाच गेलाय. नवा घ्यावा लागंल. आत्ता कुठनं आणू पैसं?" घरातली मजुरी बंद होती. नवा डबा म्हणजे आठवड्याचा बाजार.

मी त्या मुलीला पट्ट्या काढायला सांगितल्या. ताकद भरपूर, गुणवत्ता शून्य. मग तिला विचारले, "उन्हाळ्यात चित्र दिसत होतं का गं?" ती म्हणाली, "दिसत होतं की! पाऊस लागल्यापासनं गेलं." आम्ही अंगणात आलो. डिशच्या समोर शेवगा होता, पावसाने तरारलेला.

भिगवणहून हा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर आहे. उगवतीकडे डावा हात करून उभे राहा, तोंड दक्षिणेकडे होईल. डावा हात आणि तोंड यांच्या मधोमध आग्नेय. कंपासपेटीतला ६० अंशांचा गुण्या डोळ्याशी आडवा धरला की त्याची तिरपी बाजू साधारण उपग्रहाकडे जाते. डिशपासून पाच फुटांवरचे झाड डिशपेक्षा नऊ फूट उंच झाले की ते आड येते. गुण्याने पाहिले तर शेवग्याची फांदी बरोबर त्या रेषेत! ओला पाला या लहरी शोषून घेतो. तिच्या काकांनी फांदी उतरवली आणि पट्टी वर चढली. डबा तोच राहिला, आणि आजींनी पाल्याची भाजी केली. त्या मुलीचा दुसऱ्या दिवशीचा पाठ बुडाला नाही.

झाड नसेल तर डिश हलली का ते बघावे. मेच्या वळवाच्या वाऱ्याने खांब फिरतो. आपल्या धरणाच्या पाण्यावर येणारे रोहित पक्षी डिशवर बसत नाहीत, पण कावळे बसतात. दोन फुटी डिशची कड जेमतेम अर्धा सेंटीमीटर सरकली तर दिशा एक अंशाने चुकते, आणि एवढ्या लांबवर एक अंश म्हणजे सहाशे किलोमीटरहून जास्त! म्हणून डिश अगदी केसाएवढी सरकवायची, थांबायचे, खालून कोणीतरी पट्टीचा आकडा ओरडून सांगायचा. हे काम मोठ्या माणसांचे. तुम्ही ओरडण्याचे काम घ्या, पत्र्यावर चढू नका.

दोन्ही पट्ट्या शून्य असतील तर एलएनबीजवळची पिन उघडून बघायला सांगा. पाणी शिरले की तांबे हिरवे पडते. तेवढे टोक कापून नवी पिन लावावी आणि रबरी पट्टी गुंडाळावी. वायर एलएनबीपासून जरा खाली लोंबती ठेवली तर पाणी तिथूनच ठिबकते, पिनेत जात नाही.

मुसळधार पावसात चित्राचे चौकोन होऊन ते थांबते, तेव्हा मात्र काहीच उघडू नका. या लहरींची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास असते आणि पावसाचे थेंब त्यांना शोषतात, विखुरतात. सर सरली की चित्र आपोआप येते.

आणखी एक मजेदार अडचण आहे. दर वर्षी साधारण १२ मार्चच्या आगेमागे काही दिवस, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो, आणि १ ऑक्टोबरच्या आगेमागे अकराच्या सुमारास. सूर्याच्याही लहरी डिशमध्ये शिरतात, त्यामुळे चित्र काही मिनिटे जाते. त्या वेळी सूर्याकडे न बघता डिशकडे बघा. डिश नीट लागलेली असेल तर उन्हाचा कवडसा एलएनबीच्या तोंडावर पडलेला दिसेल. या मार्चमध्ये प्रत्येकाने आपापल्या घरची डिश पाहावी आणि कवडसा कुठे पडला ते वहीत काढून आणावे.