हौशी ड्रोन आणि मधमाश्या

हौशी ड्रोन आणि मधमाश्या यांची गाठ दोन प्रकारे पडते. कधी ड्रोन आकाशातून जाणाऱ्या थव्यात शिरतो, तर कधी तो टांगलेल्या मोहोळाजवळ जातो. पहिला प्रसंग बहुधा किरकोळ नुकसानीवर निभावतो, दुसरा माणसांच्या जिवावर बेतू शकतो. विदर्भात, आणि विशेषतः नागपूर परिसरात, या विषयाचा संबंध प्रामुख्याने आग्या मधमाशीशी (एपिस डॉर्साटा) येतो. ड्रोनला माश्या काय करतील, असा प्रश्न सहसा विचारला जातो. वस्तुतः यंत्र प्लास्टिकचे असते आणि दंश खाली उभ्या असलेल्या माणसांना होतात.

नावाचा संबंध

इंग्रजीत ‘ड्रोन’ या शब्दाचा मूळ अर्थ नर मधमाशी असा आहे. ब्रिटनमध्ये १९३५ साली विमानवेधी तोफांच्या नेमबाजीच्या सरावासाठी ‘क्वीन बी’, म्हणजे राणीमाशी, या नावाचे वैमानिकाविना रेडिओद्वारे चालणारे विमान तयार करण्यात आले. पुढे अमेरिकी नौदलाने अशा यंत्रांना ‘ड्रोन’ म्हणण्यास सुरुवात केली. राणीमाशीच्या नावावरूनच हे नाव सुचले, असे मानले जाते. खऱ्या नर माशीला मात्र नांगीच नसते. दंश करतात त्या कामकरी माद्या.

थवा आणि मोहोळ

मराठीत ‘मोहोळ’ हा शब्द पोळ्यालाही वापरतात आणि माश्यांच्या समूहालाही. त्यामुळे ‘मोहोळ उठले’ या शब्दप्रयोगातून दोन निरनिराळ्या घटनांचा बोध होतो. वसाहत वाढली की जुनी राणी कामकरी माश्यांचा मोठा भाग घेऊन नव्या जागेच्या शोधात निघते. हा झाला थवा. निघण्यापूर्वी माश्या पोटभर मध पिऊन घेतात. वाटेत रक्षण करण्यासारखी अंडी, अळ्या किंवा मधाचा साठा त्यांच्याजवळ नसतो, म्हणून थव्यातील माश्या सहसा चावत नाहीत. अशा थव्यात ड्रोन शिरल्यास पात्यांवर आपटून माश्या मरतात, कॅमेऱ्याची काच माखते, क्वचित यंत्राचा तोल जातो. याउलट मोहोळ डिवचले गेल्यामुळे माश्या उठल्या असतील, तर त्या पिलावळीच्या आणि मधाच्या रक्षणासाठी उठलेल्या असतात. वृत्तपत्रे या घटनेस ‘हल्ला’ म्हणतात, परंतु ‘प्रतिकार’ हा शब्द अधिक यथार्थ ठरेल.

आग्या माशी वर्षभर एका ठिकाणी राहत नाही. फुलोऱ्याच्या मागोमाग ती दूरवर स्थलांतर करते. वाटेत तिचे थवे झाडांच्या फांद्यांवर विसाव्यासाठी लटकतात. थायलंडमध्ये अशा एका विश्रांतिस्थळी दरवर्षी अनेक थवे उतरत असल्याची नोंद २०१२ साली प्रसिद्ध झाली. पोळे न बांधता नुसता लटकलेला हा पुंजका तुलनेने शांत असतो. तथापि जमिनीवरून पाहणाऱ्याला पुंजका कोणता आणि पोळे झाकून बसलेल्या माश्या कोणत्या, हे ओळखणे अवघड जाते.

आग्या मोहोळाची संरक्षणव्यवस्था

सातेरी माशी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत अनेक समांतर पोळी बांधते. आग्या माशी मात्र एकच मोठे पोळे उघड्यावर बांधते. त्याची रुंदी एक मीटरपर्यंत किंवा त्याहूनही अधिक भरते. वड, पिंपळ, काटेसावर यांच्या उंच फांद्या, कड्यांचे माथे, पाण्याच्या टाक्या, पूल आणि उंच इमारतींचे छज्जे या तिच्या आवडत्या जागा होत. एका वसाहतीत हजारो माश्या असतात आणि एकाच झाडावर अनेक वसाहती राहू शकतात. भोवती भिंत नसल्यामुळे माश्यांनी एकमेकींना धरून केलेला जिवंत पडदा हेच त्या पोळ्याचे कवच असते.

या पडद्यावर अधूनमधून चमकती लाट पसरताना दिसते. माश्या क्रमाक्रमाने पोटाचा भाग वर उचलतात आणि क्षणार्धात खाली घेतात. गांधीलमाशीला दूर ठेवण्यासाठी ही लाट उपयोगी पडते, असे ऑस्ट्रियातील ग्रात्स विद्यापीठाच्या गेराल्ड कास्टबर्गर यांनी सहकाऱ्यांसह २००८ साली दाखवून दिले. तिरुवनंतपुरम येथील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०२२ साली याच लाटेचा आणखी एक पैलू उलगडला. उजळ पार्श्वभूमीवर हलणारी काळसर वस्तू दिसली की लाट उठते, उलट रंगसंगतीत ती उठत नाही. हे प्रयोग ड्रोनवर नव्हे, तर साध्या चकत्यांवर केले होते. तरीही निरभ्र आकाशापुढे तरंगणारा करड्या रंगाचा ड्रोन मोहोळाला कसा दिसत असेल, याची कल्पना त्यांवरून करता येते. मधुबाज आणि वेडा राघू हे पक्षी याच दिशेने येतात.

ड्रोनच्या गुणगुणीने माश्या चिडतात, असा समज आढळतो. मधमाशीला माणसासारखे कान नसतात. हवेची हालचाल ती शृंगिकांनी जवळच्या अंतरावरून टिपते आणि आधाराची कंपने पायांनी ओळखते. म्हणून दूरवरच्या आवाजापेक्षा पात्यांखाली येणारा वाऱ्याचा झोत अधिक महत्त्वाचा ठरतो. तो पडद्याला हलवतो, फांदी थरथरवतो. त्यापुढची पायरी गंभीर असते. पात्यांनी चिरडलेल्या किंवा डंख मारलेल्या माशीच्या नांगीजवळून इशाऱ्याचा गंध सुटतो. त्यातील आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या द्रव्याचा वास पिकलेल्या केळ्यासारखा असतो. आग्या माशीच्या गंधात आणखी एक द्रव्य असते आणि त्याचा परिणाम अधिक काळ टिकतो. त्यामुळे डिवचलेले मोहोळ लवकर शांत होत नाही.

परतणारे यंत्र

बहुतेक हौशी ड्रोनमध्ये एक कळ दाबताच यंत्र उड्डाणस्थळी परत आणण्याची सोय असते. गडबडलेला चालक तीच कळ दाबतो. माश्यांपेक्षा वेगवान असल्याने ड्रोन निसटू शकतो. परंतु माखलेल्या पात्यांसह आणि इशाऱ्याच्या गंधासह तो उतरतो तो चालकाच्या पायाशी, आणि बहुधा तेथेच इतर माणसेही जमलेली असतात. आग्या माश्या बराच लांब पाठलाग करतात. यंत्राला डसून काही साधत नाही, माणसाचा श्वास, घाम आणि हालचाल मात्र त्यांना नेमके लक्ष्य पुरवतात.

नागपूर परिसर

नागपूर परिसरात आंबिया बहराची संत्री जानेवारी-फेब्रुवारीत फुलतात. त्याच सुमारास काटेसावर आणि पळस, मागोमाग मोह आणि कडुनिंब फुलतात. आग्या माश्यांच्या भरभराटीचा हा काळ लग्नसराईशी जुळतो, आणि लग्नाच्या चित्रीकरणात आता ड्रोन जवळजवळ गृहीत धरला जातो. मंगल कार्यालयाच्या आवारातील जुने झाड वरून सुंदर दिसते, म्हणून ड्रोन त्याच्या शेंड्याभोवती फिरवला जातो. खाली वऱ्हाड असते, त्यात लहान मुले आणि वृद्ध असतात.

ड्रोन नियम, २०२१ मध्ये २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन ‘नॅनो’ आणि त्यापुढे २ किलोग्रॅमपर्यंतचे ‘सूक्ष्म’ गणले जातात. नॅनो ड्रोनसाठी, तसेच बिगरव्यावसायिक वापराच्या सूक्ष्म ड्रोनसाठी, चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. हौशी चालक औपचारिक प्रशिक्षणाशिवाय उड्डाण करू शकतो, तो यामुळेच. लग्नाचे चित्रीकरण हा व्यवसाय असल्याने त्यासाठी वापरलेल्या सूक्ष्म ड्रोनला ही सूट लागू होत नाही. नागपूरचा विमानतळ सोनेगाव येथे शहरालगत आहे, त्यामुळे उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय मंचावरील नकाशा पाहणे आवश्यक ठरते. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, पूर्वपरवानगी लागत नाही. ही मर्यादा विमानांच्या सुरक्षिततेसाठी आहे. मोहोळे त्याहून पुष्कळ खाली असतात.

दक्षता आणि उपचार

उड्डाणापूर्वी झाडे, टाक्या आणि छज्जे जमिनीवरून नीट न्याहाळावेत. मोहोळ दिसल्यास त्या बाजूस ड्रोन नेऊ नये. मोहोळाचे जवळून चित्रण करण्याचा मोह तर टाळावाच. माश्या उठल्याच, तर ड्रोन माणसांकडे न आणता मोकळ्या जागी दूर उतरवावा आणि तो लगेच उचलायला जाऊ नये. लोकांनी तोंड झाकून बंद खोलीत किंवा मोटारीत शिरावे. हात झाडल्याने माश्या अधिक येतात. पाण्यात उडी मारणे धोक्याचे आहे, कारण डोके वर काढताच त्या पुन्हा डसतात.

काटा त्वचेत रुतल्यावरही विषाची पिशवी विष सोडत राहते, म्हणून तो नखाने किंवा चिमट्याने, जसा जमेल तसा, ताबडतोब काढावा. श्वास लागणे, चेहरा सुजणे, चक्कर येणे ही तीव्र अ‍ॅलर्जीची लक्षणे एका दंशानेही दिसू शकतात. शेकडो दंश झाले असल्यास अ‍ॅलर्जी नसतानाही मूत्रपिंडांवर परिणाम होतो. दोन्ही प्रसंगी रुग्णालय गाठावे.

अशा घटनेनंतर मोहोळ जाळण्याची मागणी हमखास होते. आग्या माशी हंगाम संपला की स्वतःहून निघून जाते, त्यामुळे तोवर त्या जागेखालचा वावर बंद ठेवणे बहुतेक वेळा पुरेसे असते. मध माश्या न मारता काढण्याचे तंत्र वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने विदर्भातील मध गोळा करणाऱ्यांना शिकवले आहे. त्यात संरक्षक पोशाख घालून पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापला जातो आणि पिलावळ तशीच राहू दिली जाते.