मेलाटोनिनची गोळी घेण्याआधी

वस्तीत तपासणीला बसलो की रक्तदाब मोजता मोजता एक वाक्य हमखास कानावर येते, "सिस्टर, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. एखादी गोळी सांगा ना." अलीकडे काही जणी पिशवीतून डबीच काढून दाखवतात. कुणाच्या मुलाने ती मोबाइलवरून मागवलेली असते. कुणाला मेडिकलवाल्याने "याची सवय लागत नाही, नैसर्गिक आहे" असे सांगून दिलेली असते. डबीवर लिहिलेले असते मेलाटोनिन, कधी ३ मिलिग्रॅम, कधी ५, कधी १०. घ्यावी की नाही, याचे उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात देता येत नाही. म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे.

मेलाटोनिन म्हणजे काय?

आपल्या मेंदूच्या मध्यभागी वाटाण्यापेक्षाही लहान अशी पिनियल नावाची ग्रंथी असते. अंधार पडला की ही ग्रंथी मेलाटोनिन नावाचे हार्मोन रक्तात सोडू लागते. नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी त्याचे प्रमाण वाढू लागते, मध्यरात्रीनंतर सर्वांत जास्त होते आणि सकाळपर्यंत उतरते. डोळ्यांवर लख्ख उजेड पडला की ते बनणे कमी होते. १९५८ साली अमेरिकेतील येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ आरोन लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनावरांच्या पिनियल ग्रंथींमधून ते वेगळे काढले आणि त्याला हे नाव दिले.

मेलाटोनिनचे काम शरीराला "रात्र झाली" असे कळवण्याचे आहे. गिरणीचा भोंगा वाजला की पाळीची वेळ झाली हे कळायचे, पण भोंगा काही कामगाराला हाताला धरून यंत्रापुढे उभा करत नसे. मेलाटोनिन तसेच आहे. ते वेळ सांगते, माणसाला गुंगी आणून पाडत नाही. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम या खऱ्या झोपेच्या गोळ्या. त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि त्यांची सवय लागू शकते. मेलाटोनिनची तशी सवय सहसा लागत नाही, हे खरे. पण सवय लागत नाही म्हणजे ती सर्वांना चालते, असे नाही.

फायदा किती होतो?

२०१३ साली १९ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यात सुमारे १,७०० माणसे होती. नुसती दिसायला औषधासारखी गोळी घेणाऱ्यांपेक्षा मेलाटोनिन घेणाऱ्यांना सरासरी सात मिनिटे लवकर झोप लागली आणि एकूण झोप सरासरी आठ मिनिटांनी वाढली. जाहिरातीतल्या बाईसारखे पडल्या पडल्या गाढ झोपी जाणे यात कुठे दिसत नाही. महिनोन्‌महिने झोप न येण्याच्या त्रासावर मेलाटोनिन देऊ नये, असाच सल्ला अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली दिला.

मग उपयोग कुणाला? ज्यांच्या शरीराचे घड्याळच पुढेमागे झाले आहे त्यांना. काही तरुण मुलांना रात्री दोन-तीनपर्यंत झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही, त्यांना डॉक्टर थोडे दिवस देतात. दूरच्या देशाच्या विमानप्रवासानंतर उपयोग होतो. स्वमग्न मुलांना झोपेचा फार त्रास असेल तर बालरोगतज्ज्ञ आपल्या देखरेखीखाली देतात. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांची झोप सुमारे २४ मिनिटांनी वाढल्याचे काही अभ्यासांत दिसले, पण तो पुरावा कच्चा आहे. आपल्या वस्त्यांत वॉचमन, सफाई कामगार, दवाखान्यातल्या मावश्या असे रात्रपाळीवाले बरेच आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

धोके कोणते?

थोडे दिवस घेतल्यास निरोगी मोठ्या माणसाला सहसा गंभीर त्रास होत नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, विचित्र स्वप्ने आणि दुसऱ्या दिवशी पेंगुळणे हे त्रास होऊ शकतात. गोळी घेतल्यावर रिक्षा किंवा दुचाकी चालवू नये, मशीनवर बसू नये. म्हाताऱ्या माणसांनी रात्री लघवीला उठताना जपावे, तोल जाऊन पडण्याची भीती असते. दारूबरोबर ही गोळी कधीच घेऊ नये.

पुढील मंडळींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीला हात लावू नये:

• रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असलेले. रक्तस्राव वाढू शकतो.
• रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे घेणारे.
• फिट येणारे आणि त्यावर औषध घेणारे.
• मानसिक आजाराची औषधे चालू असलेले. फ्लुवॉक्सामिनसारख्या गोळीमुळे रक्तातले मेलाटोनिन फार वाढते.
• गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या. त्यांच्याही रक्तात ते जास्त वाढते.
• गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता. बाळासाठी ते सुरक्षित आहे याचा पुरेसा पुरावा नाही.

आणखी एक धोका डबीतच असतो. २०१७ साली कॅनडात ३१ उत्पादने तपासली. काहींत लिहिलेल्यापेक्षा ८३ टक्के कमी, तर एकात ४७८ टक्के जास्त मेलाटोनिन निघाले. आपल्याकडच्या डब्यांतही अश्वगंधा वगैरे मिसळलेले असते. म्हणून पूर्ण लेबल वाचावे, स्वतःला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून वाचून घ्यावे, आणि डॉक्टरांकडे जाताना डबी सोबत न्यावी.

लहान मुलांच्या बाबतीत तर फार सांभाळा. चघळायच्या रंगीत, गोड गोळ्या पोरांना खाऊच वाटतात. अमेरिकेत मुलांनी मेलाटोनिन खाल्ल्याच्या नोंदी २०१२ साली विषबाधा केंद्रांकडे ८,३३७ आल्या होत्या, २०२१ साली त्या ५२,५६३ झाल्या. मूल रडते, रात्री झोपू देत नाही म्हणून अर्धी गोळी देणे हा खेळ नाही. डबी कुलपात किंवा उंच फळीवर ठेवा.

डॉक्टरांनी दिलीच तर

कमीत कमी मात्रेने सुरुवात होते, अर्धा ते दोन-तीन मिलिग्रॅम. जास्त मिलिग्रॅम म्हणजे जास्त झोप, असे होत नाही, पेंगुळणे मात्र वाढते. झोपायच्या एक-दोन तास आधी, रोज त्याच वेळी घ्यावी. मध्यरात्री जाग आली म्हणून घेऊ नये. गोळी घेऊन मोबाइल बघत बसलो तर पैसे वाया, कारण एकीकडून रात्रीची सूचना आणि दुसरीकडून डोळ्यांवर दिवस. किती दिवस घ्यायची हे पहिल्याच भेटीत विचारा. शेजारणीची गोळी आपण घेऊ नये, आपली तिला देऊ नये.

कुणाला आधीपासून अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी चालू असेल तर हा लेख वाचून ती एकदम बंद करू नका. एकदम बंद केल्याने फिट येऊ शकते. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात.

झोप का येत नाही, ते आधी शोधू

आमचे खरे सांगणे इथे आहे. गोळीने सात मिनिटे मिळतात, पण झोप मोडणारे कारण तसेच राहते.

जोरात घोरणे, मध्येच श्वास अडकणे आणि दिवसा पेंगणे असेल तर तो झोपेतल्या श्वासाचा आजार असू शकतो. पडल्यावर पायांत मुंग्या फिरल्यासारखे होऊन पाय हलवावेच लागत असतील तर रक्तातले लोह तपासा, आपल्या बायकांत पंडुरोग घरोघरी आहे. रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागत असेल तर साखर तपासा. खोकला, रात्री घाम, वजन उतरणे असेल तर टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. पाळी जाण्याच्या वयात अंगाचा भडका उडून जाग येत असेल तर त्यावर इलाज आहे.

आणि मन. पहाटे तीनला जाग येणे, काहीच करू नये वाटणे, रडू येणे, बाळ झोपले तरी बाळंतिणीला झोप न लागणे, जगू नये असे वाटणे, या गोष्टी मेलाटोनिनने जात नाहीत. तेवढ्या दिवसांत आजार मात्र वाढतो. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते.

घरच्या घरी काय करता येईल?

आमची खोली एकच, त्यात पत्रा तापलेला, शेजारी टीव्ही. पुस्तकातले "शांत, थंड, अंधारी शयनगृह" आपल्याला कुठून मिळणार? जमेल तेवढे करू.

उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, रविवारीही. उठल्यावर थोडा वेळ दारात, उजेडात बसा. दुपारनंतरचा चहा कमी करा, त्यातले कॅफिन अर्धे उतरायलाच सुमारे पाच तास लागतात. झोपताना मशेरी लावण्याची, तंबाखू मळण्याची सवय मोडा, तंबाखू मेंदूला जागे करतो. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप ती मोडते. मच्छरदाणी लावा. झोपायच्या तासभर आधी मोठा दिवा आणि मोबाइल बंद, हे घरातल्या सर्वांनी ठरवावे लागेल. वीस मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणावर तळमळत पडू नका. उठून दाराशी बसा, झोप आली की परत या.

रात्रपाळीवाल्यांनी सकाळी घरी येताना काळा चष्मा लावावा, खिडकीला जाड कापड बांधावे, डोळ्यांवर दुपट्टा घ्यावा. घरच्यांनी त्या वेळी भांडी वाजवू नयेत. रात्रभर राबून आलेल्या माणसाची दुपारची झोप ही आळस नाही, तिला मान द्या.

आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री झोप बिघडत असेल आणि असे तीन महिने चालले असेल तर दवाखान्यात जाच. जाताना पंधरा दिवसांच्या नोंदी न्या: किती वाजता पडलो, किती वाजता उठलो, चहा किती, पाळी कोणती, औषधे कोणती. डबीवर खर्च करण्याआधी ही एका पानाची वही करा. डॉक्टरांना तीच जास्त कामाला येते.