मिरास आणि उपरी : बैलकुप्पे येथील अवकाशीय न्यायाचा प्रश्न

भूमीच्या वाटपात कोणाला किती जागा मिळाली, एवढ्यापुरताच अवकाशीय न्यायाचा विचार मर्यादित नाही. आँरी लफेव्र यांनी 1968 साली 'नगरावरील हक्क' मांडताना जागा वापरण्याचा व घडविण्याचा हक्क मालकीहक्काहून वेगळा मानला. एडवर्ड सोजा यांनी 2010 साली 'अवकाशीय न्याय' ही संज्ञा ग्रंथरूपाने विस्तारली. या भेदासाठी मराठीत जुनी परिभाषा उपलब्ध आहे.

मराठेशाहीतील जमीनव्यवस्थेत मिरासदाराचा हक्क वंशपरंपरागत असे व गावकारभारात त्याच्या शब्दाला वजन असे. उपरी हा बाहेरून येऊन मुदतीच्या कराराने जमीन कसणारा. तो गावात राही, पण गावचा होत नसे.

म्हैसूर जिल्ह्यातील बैलकुप्पे येथील तिबेटी वसाहतीचे स्वरूप या परिभाषेतून स्पष्ट होते. तत्कालीन म्हैसूर राज्याने दिलेल्या सुमारे 3,000 एकर जमिनीवर 1960-61 मध्ये पहिली वसाहत उभी राहिली. निर्वासितांनी जंगल तोडून शेती केली. 1969 मध्ये दुसरी वसाहत स्थापन झाली, सेरा व नामद्रोलिंग हे मठ उभे राहिले. वापराने जागा घडविली गेली. मालकी मात्र शासनाचीच राहिली. केंद्राच्या 2014 च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने 20 वर्षांच्या भाडेपट्ट्याची तरतूद सुचविली. तोही व्यक्तीच्या नव्हे, केंद्रीय तिबेटी मदत समितीच्या नावे. गोंदिया जिल्ह्यातील नॉर्ग्येलिंग ही 1972 ची वसाहत याच धोरणाच्या कक्षेत येते.

पेच नागरिकत्वाच्या संदर्भात तीव्र होतो. 26 जानेवारी 1950 ते 1 जुलै 1987 या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्माने भारतीय नागरिक ठरतात, हे दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 मध्ये व कर्नाटक उच्च न्यायालयाने 2013 मध्ये मान्य केले. परंतु 2017 साली पारपत्र मागणाऱ्या तिबेटी अर्जदारांना निर्वासित-नोंदणी सोडण्याबरोबरच वसाहतीत न राहण्याची अट घालण्यात आली. म्हणजे 'मिरास' लाभावी, तर घडविलेली जागा सोडावी. जागा राखावी, तर उपरेपण पत्करावे. परिसरातील भूमिहीनाचा जमिनीवरील दावाही तितकाच विचारार्ह आहे. मात्र एका वंचिताचा हक्क नाकारल्याने दुसऱ्याला न्याय मिळतो, असे नव्हे.

लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनाचे 'उपरा' (1980) हे शीर्षक येथे अर्थपूर्ण ठरते. त्यातील समाज स्वदेशातच, नागरिक असूनही, गावाबाहेरचा आहे. बैलकुप्प्यातील माणूस वसाहतीत मुळावलेला असूनही कागदावर परका आहे. एकाला नागरिकत्व आहे पण जागा नाही. दुसऱ्याला जागा आहे पण तिच्यावरील हक्क नाही. निर्वासितांच्या साहित्याचा तौलनिक अभ्यास केवळ गमावलेल्या मायभूमीच्या स्मृतीपाशी थांबला, तर घडविलेल्या भूमीचा हा प्रश्न त्याच्या दृष्टीआड राहील.