वनस्पतिसंवर्धन, कृत्रिम प्रकाशातील

सूर्यप्रकाशाऐवजी किंवा त्याला पूरक म्हणून विजेच्या दिव्यांच्या प्रकाशात, सामान्यतः बंदिस्त जागेत, वनस्पती वाढविण्याच्या पद्धतीला ही संज्ञा लावतात. यासाठी खास दिवे मिळतात; परंतु घरे, दुकाने व कचेऱ्या यांसाठी तयार झालेले स्वस्त दिवेही अनेक कामांस पुरेसे पडतात. अशा संवर्धनातील मुख्य अडचण प्रकाश मिळविण्याची नसून त्याबरोबर निर्माण होणारी उष्णता बाहेर काढण्याची आहे. मराठवाड्यासारख्या उष्ण प्रदेशात ही अडचण विशेष जाणवते.

इतिहास : हेर्व्हे मांगाँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८६१ मध्ये विद्युत् प्रज्योत दिव्याच्या प्रकाशात वनस्पतींत हरितद्रव्य तयार होते, असे दाखविले. चार्ल्स विल्यम सीमेन्स यांनी १८८० मध्ये इंग्लंडमध्ये अशा दिव्याखाली झाडे वाढविली. उघड्या दिव्याने पाने करपतात, मध्ये काच ठेवल्यास करपत नाहीत, असे या काळातील प्रयोगांत दिसून आले. १९३८ मध्ये अनुस्फुरक नळीदिवा (ट्यूबलाइट) बाजारात आल्यावर कमी उष्णतेचा प्रकाश प्रथमच स्वस्तात उपलब्ध झाला. १९९३ मध्ये तेजस्वी निळा प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ (एलईडी) तयार झाला व त्यामुळे पांढऱ्या एलईडी दिव्यांचा मार्ग मोकळा झाला.

प्रकाशाची गरज : प्रकाशसंश्लेषणास सु. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश उपयोगी पडतो. हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश सर्वाधिक शोषून घेते. तथापि हिरवा प्रकाशही पानाच्या आतील थरांत वापरला जातो. म्हणून पांढऱ्या दिव्याचा बहुतेक सर्व प्रकाश वनस्पतीच्या कामी येतो. जांभळट प्रकाशाचे महाग दिवेच हवेत, ही समजूत बरोबर नाही. ‘६,५०० के.’ असा शिक्का असलेल्या दिव्यात निळा भाग अधिक असतो व त्याखाली रोपे बुटकी व दणकट राहतात, ‘२,७०० के.’च्या पिवळसर दिव्यात तांबडा भाग अधिक असतो.

भर दुपारी उघड्यावर सु. १ लाख लक्स प्रकाश असतो, तर घरातील खोलीत रात्री १०० ते ३०० लक्स. डोळा दोन्हींशी जुळवून घेत असल्याने खोलीतील प्रकाश माणसास पुरेसा वाटतो. वनस्पतीची मात्र त्यात उपासमार होते. काचेच्या बाटलीत शर्करायुक्त माध्यमावर वाढणाऱ्या रोपांस २,००० ते ३,००० लक्स पुरतात, भाजीच्या रोपांस सु. १०,००० लक्स लागतात आणि फळे धरणाऱ्या पिकांस त्याहून पुष्कळ अधिक.

दिव्यांचे प्रकार : (१) तापदीप्त दिवा (साधा बल्ब) : यात विजेच्या एक-दशांशाहून कमी भागाचा दृश्य प्रकाश होतो, बाकीची उष्णता. याच्या प्रकाशात रोपे उंच व किडकिडीत होतात. शेवंतीसारख्या लहान दिनमानात फुलणाऱ्या झाडांचा फुलोरा रात्री थोडा प्रकाश देऊन लांबविण्यापुरता तो उपयोगी होता. (२) नळीदिवा : १२० सेंमी. लांबीची ४० वॉटची नळी सु. २,५०० ल्यूमेन प्रकाश देते. तिचा पृष्ठभाग फारसा तापत नसल्याने ती रोपांपासून १५ ते २५ सेंमी.वर टांगता येते. नळीत पारा असल्याने फुटलेली नळी कचऱ्यात टाकू नये. मिनामाता करारातील देशांनी २०२३ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार अशा नळ्यांची निर्मिती टप्प्याटप्प्याने थांबविण्यात येत आहे. (३) एलईडी दिवा : दर वॉटला सु. १०० ल्यूमेन प्रकाश देतो. भारतात २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेच्या काळात एलईडी बल्बची शासकीय खरेदी-किंमत सु. ३१० रुपयांवरून ४० रुपयांच्या खाली आली. जुन्या पट्टीत एलईडी नळी बसविताना ती कोणत्या जोडणीची आहे ते पाहून आवश्यकतेनुसार चोक व स्टार्टर काढावे लागतात.

उष्णतेचा हिशेब : दिव्याला दिलेली जवळजवळ सर्व वीज अखेर खोलीत उष्णता म्हणूनच उरते, कारण प्रकाशही पाने, फळ्या व भिंती यांत शोषला जाऊन उष्णतेत रूपांतरित होतो. रोपात साठणारी ऊर्जा अगदी अल्प असते. ऊतक संवर्धनाच्या एका खोलीत प्रत्येकी पाच फळ्यांच्या १० मांडण्या व दर फळीस दोन नळ्या धरल्यास १०० नळ्या होतात. ४० वॉटची नळी व तिच्या तांब्याच्या चोकमध्ये खर्च होणारे सु. १२ वॉट मिळून खोलीत ५·२ किलोवॉट उष्णता निर्माण होते. ती काढण्यास सु. दीड टन क्षमतेचे वातानुकूलन केवळ दिव्यांसाठी लागते. चोक खोलीबाहेर बसविल्यास हा भार ४ किलोवॉटवर येतो. २० वॉटच्या एलईडी नळ्या लावल्यास तो २ किलोवॉट, म्हणजे अर्ध्या टनाहून थोडा अधिक राहतो. रोजच्या १६ तासांत दिव्यांची वीज ८३ युनिटांवरून ३२ युनिटांवर येते, शिवाय वातानुकूलनाची वीज वाचते ती वेगळीच.

उष्णतेचे नियंत्रण : फळीखाली लावलेल्या नळीने वरच्या फळीवरील बाटल्यांचे बूड तापते, बाटलीतील पाणी झाकणावर साचते व रोपे पाणचट होतात. म्हणून नळी व वरची फळी यांत मोकळी जागा ठेवतात आणि फळ्या जाळीच्या करतात. एलईडीची उष्णता त्याच्या मागील धातूच्या भागातून बाहेर पडते. तो भाग बंद डब्यात कोंडल्यास प्रकाश घटतो व आयुष्य कमी होते. भिंतींस पांढरा रंग दिल्यास तेवढ्याच दिव्यांत रोपांना अधिक प्रकाश मिळतो. उघड्या रोपांवर लहान पंख्याने मंद वारा खेळविल्यास पानांभोवतीची उबदार, दमट हवा हटते. दमट जागेत विजेच्या पट्ट्यांस भूसंपर्कन (अर्थिंग) आवश्यक आहे.

सर्वांत स्वस्त उपाय वेळापत्रकाचा आहे. बंद खोलीत रात्र केव्हा व्हावी हे माणूस ठरवू शकतो. दिवे सायंकाळी ६ ते सकाळी १० लावून दुपारचे आठ तास अंधार ठेवल्यास बाहेरची उष्णता व दिव्यांची उष्णता ऐन दुपारी एकत्र येत नाहीत. हवा बाहेर फेकणारा पंखा मात्र बाहेरील हवा आतल्यापेक्षा थंड असतानाच उपयोगी पडतो. पाण्याचा कूलर मे महिन्याच्या कोरड्या हवेत तापमान बरेच उतरवितो, पण पावसाळ्यात निरुपयोगी ठरतो.

महाराष्ट्रातील उपयोग : राज्यात या पद्धतीचा सर्वांत महत्त्वाचा उपयोग ऊतक संवर्धनात झाला. अशा प्रयोगशाळांत २५° से.च्या आसपास तापमान व १६ तास प्रकाश ठेवण्याची पद्धत असून प्रकाशासाठी साध्या पांढऱ्या नळ्याच दीर्घकाळ वापरात होत्या. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील ए. एफ. मस्कारेन्हास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये सागाची ऊतक संवर्धनाने वाढ केल्याचे प्रसिद्ध केले, त्यात सु. १०० वर्षे वयाच्या वृक्षांपासून घेतलेल्या भागांचाही समावेश होता. सागाचे बी कठीण कवचात असते, ते अनियमितपणे रुजते आणि रोपे मातृवृक्षासारखी निघतीलच असे नाही. म्हणून निवडक वृक्षाची हुबेहूब रोपे मिळविण्यास या पद्धतीचे महत्त्व आहे. जळगाव व नांदेड जिल्ह्यांतील (उदा., अर्धापूर परिसर) केळीच्या बागांत लावली जाणारी ऊतकसंवर्धित रोपेही आपले पहिले काही महिने अशाच दिव्यांखाली काढतात.

नांदेड जिल्ह्यातील किनवट हा पैनगंगेच्या खोऱ्यातील, तेलंगणाच्या सीमेवरचा तालुका सागवानाच्या वनांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४०° से.च्या वर जाते. अशा ठिकाणी रोपवाटिकेस किंवा शाळेस एक मांडणी चालविणे अवघड नाही : १२० सेंमी. लांब व ४५ सेंमी. रुंद फळीवर २० वॉटच्या चार एलईडी नळ्या लावल्यास सु. १०,००० लक्स प्रकाश मिळतो व १६ तासांत सव्वा युनिटाच्या आसपास वीज लागते. परंतु याच हिशेबाने एक चौ. मी. वाफ्यास रोज दोन युनिटांहून अधिक वीज लागेल. ज्या प्रदेशात सूर्य एवढ्याच जागेवर रोज त्याच्या दुपटीहून अधिक ऊर्जा फुकट देतो, तेथे धान्य वा नेहमीची भाजी दिव्याखाली पिकविणे परवडत नाही. थोड्या जागेत पुष्कळ रोपे मावतात, त्यांना प्रकाश कमी लागतो आणि एकेका रोपाचे मोल अधिक असते, अशा अवस्थेपुरताच दिव्याचा उपयोग करणे योग्य ठरते. त्यानंतर रोपे सावलीच्या जाळीखाली काही आठवडे काटक करून उन्हात न्यावी लागतात.