डेम्लो : एका सतरा अंकी संख्येची तपासणी

सुरतेहून मुंबईस जाताना डहाणू रोड स्थानक लागते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली या डहाणूचा. देवळालीला १९३० ते १९६२ शाळामास्तरकी केलेल्या या गणितवेड्या गृहस्थांना जग ६१७४ या संख्येमुळे ओळखते. मला मात्र त्यांच्या ‘डेम्लो’ संख्यांचे आकर्षण अधिक. त्यांची कल्पना सुचली डोंबिवली स्थानकात. डेम्लो हे त्या स्थानकाचे जुने नाव.

डेम्लो संख्येची खूण अशी : दोन टोकांच्या भागांची बेरीज केली की मधला अंकच हाती येतो. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५, आणि मध्ये पाचच. या कुळातली सर्वांत डौलदार संख्या म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडचे १२३४५६७८ आणि उजवीकडचे ८७६५४३२१ मिळवा. आठही स्थानी नऊ येतात, आणि मध्ये नऊ बसलेलाच आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थाननामांप्रमाणे तिचे सतरावे स्थान ‘मध्य’. परार्ध अवघे एक घर पुढे.

अंकांची बेरीज ८१, आणि संख्येला ८१ ने भागही जातो. बेरजेवरून नवाची कसोटी लागते, एक्याऐंशीची नव्हे. तेव्हा कारण आणखी खोल शोधावे लागते. ही संख्या १११११११११ चा, म्हणजे नऊ एकांचा, वर्ग आहे. नऊ एकांना ९ ने भाग जातो, म्हणून वर्गाला ८१ ने. त्या भागाकारात १२३४५६७९ येतात, आठ गायब!

माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या मुलांना मी कधी कधी ११ चा, १११ चा, ११११ चा वर्ग करायला देतो. १२१, १२३२१, १२३४३२१ पाहून बहुतेक खूश होतात. ‘दहा एक घेतले तर?’ असे विचारणारे मूल विरळा, आणि ते मला फार आवडते. कारण तिथे डौल मोडतो : उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या स्थानी दहा जमतात, हातचा निघतो आणि आरसा फुटतो. नऊ रुग्णांना लागू पडलेल्या औषधाबद्दल दहाव्यापुढे छातीठोकपणे बोलणाऱ्या आपल्या व्यवसायबंधूंनीही हा गुणाकार एकदा स्वहस्ते करावा.

वास्तविक हा आरसा संख्येचा नव्हेच, दहाच्या भाषेचा. आपण सोळाच्या पटीत मोजत असतो, तर पंधरा एकांपर्यंत हा डौल टिकला असता. आपल्या संख्येचे मात्र ३, ३७ आणि ३३३६६७ हे मूळ अवयव, प्रत्येक सम वेळा येणारे, कोणत्याही लिपीत, कोणत्याही पायावर तेच राहतात. अंकांच्या अशा खेळांना काही गणिती हलके लेखीत. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरात कापरेकरांवर लिहिले, तेव्हा देवळालीचे हे मास्तर सत्तर वर्षांचे होते.