काँक्रीटमध्ये पुरलेला खांब आणि मुलांचा झोपाळा

"ताई, काँक्रीट भरून टाकू. मग हत्ती झुलला तरी हलणार नाही."

पुण्याच्या कात्रजमध्ये जिथे जिथे रो-हाउसच्या अंगणात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात मुलांसाठी लाकडी झोपाळा-घसरगुंडीचा सेट उभा राहताना पाहिला, तिथे हे वाक्य मी ऐकलं आहे. सुताराकडून ऐकलं, काँट्रॅक्टरकडून ऐकलं, कमिटीच्या बैठकीत ऐकलं, आणि ज्यांची मुलं त्या झोपाळ्यावर बसणार त्या आईबापांकडूनही ऐकलं. दर वेळी मी समजावून सांगते, सगळे मान डोलावतात आणि पुढच्या रविवारी जाऊन बघावं तर दोन फूट खड्डे खणून, खांब उभे करून, वरपर्यंत माल ओतलेला असतो. म्हणून आता लिहूनच काढते.

सुरुवातीला तो खांब हलत नाही, एवढं खरं आहे. आमच्या सोसायटीतला झोपाळाही हलत नव्हता. पाचव्या पावसाळ्यानंतर त्याचा एक खांब बरोबर जमिनीच्या पातळीला मोडला. वरचं लाकूड ठणठणीत होतं, रंधा मारला तर नव्यासारखा वास आला असता. काँक्रीट फोडून खालचा तुकडा काढला, तर तळाचा भागही बऱ्यापैकी शाबूत. मधला वीतभर पट्टा मात्र बोटांनी कुस्करता येत होता. त्या वेळी झोपाळ्यावर कोणी नव्हतं. मूल असतं तर वरचा आडवा वासा त्याच्या अंगावर आला असता, आणि चार इंची लाकडी वाशाचं वजन किती असतं ते उचलून पाहिलेल्यालाच कळतं.

लाकूड नेमकं त्याच पट्ट्यात का कुजतं? लाकूड कुजवते ती बुरशी. तिला अन्न, ऊब, ओल आणि हवा या चारही गोष्टी एकाच जागी लागतात. अन्न म्हणजे लाकूडच, आणि उबेची पुण्यात कमतरता नाही. राहिली ओल आणि हवा. जमिनीच्या वर हवा भरपूर, पण पाऊस थांबला की लाकूड सुकतं. ओलावा 20 टक्क्यांच्या आत आला की बुरशी वाढू शकत नाही. जमिनीत खोलवर ओल भरपूर, पण हवा कमी. जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात मात्र दोन्ही मिळतात, म्हणून खांब तिथेच मोडतो. विहिरीच्या तळाशी जांभळाचं लाकूड घालण्याची जुनी रीत याच कारणाने टिकली. कायम बुडालेल्या लाकडापर्यंत हवा पोचत नाही आणि ते वर्षानुवर्षं राहतं.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, "पण काँक्रीटमुळे माती लागत नाही ना!" माती लागत नाही, पण पाणी लागतं, आणि लागलेलं पाणी निघत नाही. खांब पुरताना लाकूड ओलसर असतं. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ते आकसतं, काँक्रीट जागेवर राहतं आणि दोघांत नखाएवढी फट पडते. जूनचा पहिला पाऊस खांबावरून ओघळत थेट त्या फटीत उतरतो. आता तो काँक्रीटचा खड्डा म्हणजे खांबाभोवती बसवलेला पेला झाला. पुण्यात वर्षाकाठी साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरच्या चार महिन्यांत पडतो. म्हणजे चार महिने पेला भरलेला राहतो. डोंगरउताराच्या प्लॉटमध्ये, जिथे दोन फुटांवर कातळ लागतो, तिथे पाण्याला खाली जायलाही वाट नसते. त्यात खांबाचं बूड म्हणजे लाकडाच्या उभ्या नळ्यांची उघडी तोंडं. बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी जास्त वेगाने ती पाणी ओढून घेतात.

"आमचा साग आहे, त्याला काही होत नाही." हा या गैरसमजाचा धाकटा भाऊ. सागाचा गाभा टिकाऊ आहे, याबद्दल वाद नाही. भारतीय मानक आयएस 401 मध्ये लाकडांची टिकाऊपणानुसार वर्गवारी आहे आणि सागाचा गाभा तिथे पहिल्या वर्गात येतो. पण हा पहिला वर्ग म्हणजे काय, ते वाचायची तसदी कोणी घेत नाही. लाकडाचे 5 सेंटिमीटर जाडीचे तुकडे जमिनीत अर्धे पुरून ते किती महिने टिकतात हे पाहून ही वर्गवारी झाली. देहरादूनची वन संशोधन संस्था अशा चाचण्या वर्षानुवर्षं करत आली आहे. सरासरी 120 महिने किंवा त्याहून जास्त टिकलं, तर पहिला वर्ग. म्हणजे दहा वर्षं. जाड खांब अर्थातच जास्त तग धरेल, पण "काही होत नाही" असं मानक कुठेही म्हणत नाही. शिवाय ही सगळी ग्वाही गाभ्याची. सालीलगतचा पांढुरका भाग सागाचाच असला तरी त्याला बुरशी आणि वाळवी दोन्ही लागतात, आणि लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात हा भाग बराच असतो. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये खांब निवडताना चारही कडा फिरवून पाहा. एका कोपऱ्यात पांढरी पट्टी दिसली तर तो खांब बाजूला ठेवा.

आणि हे सारं शिकायला देहरादूनपर्यंत जायचीही गरज नाही. बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबागवाड्यात जा. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा 1807 च्या सुमारास पूर्ण झाला. तिथल्या लाकडी खांबांच्या पायाशी बघा. खांब जमिनीत गेलेला नाही, दगडी तळखड्यावर उभा आहे. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या वाड्याच्या चौकात हेच दिसेल. ज्या नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला आमच्या कात्रजच्या तळ्यातून नळ काढून शहरात पाणी खेळवलं, त्यांच्या काळच्या सुतारांना पाणी कुठे हवं आणि कुठे नको हे पक्कं ठाऊक होतं. तळखडा शोभेसाठी नव्हता. लाकडाचं बूड कोरडं ठेवण्यासाठी होता. आपण तो विसरलो आणि वर काँक्रीटला आधुनिक म्हणू लागलो, याचा मला खरोखर राग येतो.

मग काँक्रीट वापरूच नये का? वापरावं, पण लाकडाला त्यात पुरू नये. खड्डा घ्या, काँक्रीटचा पाया भरा, त्याचा माथा जमिनीच्या थोडा वर ठेवा आणि चारी बाजूंनी उतरता करा. त्यात बोल्ट बसवून त्यावर जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी बूट घट्ट करा. फॅब्रिकेटरला बेस प्लेट आणि दोन बाजूंना उभे पत्रे असं सांगितलं की तो करून देतो. खांब त्या बुटात, जमिनीपासून निदान दोन-तीन इंच वर राहिला पाहिजे, आणि बुटाच्या तळाला पाणी निघायला भोक हवं. खांबाचं बूड बसवण्याआधी जवसाच्या तेलात मुरवून घ्या. बुटातला खांब पुरलेल्या खांबाइतका ताठ नसतो, हे सुताराचं म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच झोपाळ्याचे पाय कैचीसारखे तिरपे लावतात आणि चौकटीला तिरपे टेकू देतात. खांबाभोवती फरशी लावू नका, वीतभर रुंद खडी पसरा. फरशीवरून पावसाचे शिंतोडे उडून बूड भिजत राहतं, खडीत ते जिरतात. त्या दोन-तीन इंचांच्या मोकळ्या जागेचा आणखी एक फायदा म्हणजे वाळवी. ती जमिनीतून मातीची नळी बांधत वर चढते. खांब पुरलेला असेल तर ती आतून चढते आणि कळत नाही. मोकळी जागा असेल तर नळी डोळ्यांना दिसते आणि झाडूने पाडता येते.

ज्यांचे खांब आधीच पुरलेले आहेत, त्यांनी आज संध्याकाळीच एक करावं. टोकदार पेचकस घ्या, बुडाशी माती थोडी उकरा आणि जमिनीच्या जरा वर नि जरा खाली जोर देऊन टोचा. निरोगी लाकूड अडवतं आणि उचकटलं तर लांब ढलपी निघते. कुजलेल्यात पेचकस सहज घुसतो आणि लाकूड बिस्किटासारखं तुटतं. तसं झालं तर झोपाळा त्याच क्षणी उतरवून ठेवा. "मुलं रडतील, हा महिना जाऊ दे" असं म्हणू नका. ही तपासणी वर्षातून दोनदा करावी, एकदा मेच्या अखेरीस आणि एकदा पावसाळा सरल्यावर. खंडेनवमीला घरातली हत्यारं बाहेर निघतातच. त्याच दिवशी सगळ्या नट-बोल्टांवर पाना फिरवावा, कारण लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं आणि वायसरखाली ढिलाई येते. खिळ्यांवर उभा केलेला सेट याच कारणाने टिकत नाही: दर ऋतूला खिळा केसभर बाहेर सरकतो.

आता जळक्या ऑईलबद्दल. गॅरेजमधून काळं ऑईल आणून लाकडाला फासायचं, म्हणजे वाळवी लागत नाही, हा उपाय इतक्या आपुलकीने सुचवला जातो की नाही म्हणताना वाईट वाटतं. पण नाही म्हणा. वापरलेल्या इंजिन ऑईलमध्ये कर्करोगाला कारणीभूत होणारी संयुगं आणि जड धातू असतात. आपल्याच देशाच्या 2016 च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. गोठ्याच्या खांबाला लावा की नको हा वेगळा विषय. पण ज्या दांड्याला मूल दोन्ही हातांनी लोंबकळतं आणि तेच हात नंतर तोंडात घालतं, त्याला हे कसं चालेल? उकळवलेलं जवसाचं तेल लावा, दोन पातळ हात, मधे पूर्ण वाळू देऊन, नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोरड्या हवेत. फक्त तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि अशा बोळ्याला आपोआप आग लागते. फडकी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

बाकीच्या गैरसमजांना एवढी जागा द्यायची गरज नाही.

"खांबाचं टोक जाळून पुरलं की कुजत नाही." कोळसा कुजत नाही, पण जळताना लाकूड तडकतं आणि तडांतून पाणी आतल्या न जळलेल्या लाकडापर्यंत जातं.

"सीडरचा सेट म्हणजे देवदारच." बाहेरून येणाऱ्या तयार सेटवर सीडर लिहिलेलं असतं, पण तो बहुधा आपल्या हिमालयातला देवदार नसतो, चिनी फर जातीच्या लाकडालाही तेच नाव देऊन विकतात. हे लाकूड हलकं आणि मऊ असतं, त्याची निगा जास्त लागते.

"रंग कुठलाही चालतो, दिसायला छान हवा." 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत 90 च्या आत असणं कायद्याने बंधनकारक आहे. डब्यावर तसं लिहिलेलं पाहूनच घ्या, आणि मोडीतून आणलेल्या, आधीच रंगवलेल्या लाकडाचा रंग खरवडू नका. ते लाकूडच घेऊ नका.

"तयार सेटला आयएसआय लागत नाही, तो काय खेळणं थोडाच आहे!" आहे. घरगुती झोपाळे आणि घसरगुंड्यांसाठी आयएस 9873 चा चौथा भाग आहे आणि 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे.

"खाली हिरवळ आहे, पडलं तरी लागत नाही." मेमध्ये त्या हिरवळीखालची जमीन हाताने ठोकून पाहा. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेत गवत आणि माती सुरक्षित पृष्ठभागांत धरलेलीच नाहीत. नऊ इंच खोल मोकळी वाळू चार फूट उंचीवरून पडणाऱ्याला पुरते, असं तिथे दिलं आहे, आणि ती वाळू दबते म्हणून अधूनमधून फावड्याने हलवावी लागते. पेव्हर ब्लॉकवर झोपाळा बसवणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलेलं नाही.

"कठड्याच्या फळ्यांत जरा मोठी फट असली तर काय बिघडतं?" साडेतीन ते नऊ इंचांच्या फटीतून लहान मुलाचं धड जातं आणि डोकं अडकतं.

"लहानग्याला मांडीवर घेऊन घसरलं की तो सुरक्षित." त्याचा बूट कडेला अडकतो, मोठ्या माणसाचं वजन त्याला पुढे ढकलतं आणि पायाचं हाड मोडतं.

शेवटचा मुद्दा मोडीतल्या खांबांचा. जुने हिरवट झाक असलेले खांब दिसले तर ते तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकच्या मिश्रणात मुरवलेले असू शकतात. ही प्रक्रिया 1933 मध्ये देहरादूनच्याच वन संशोधन संस्थेत डॉ. सोंटी कामेशम यांनी शोधली आणि जगभर गेली. लाकूड टिकवण्यात तिला तोड नव्हती. पण आर्सेनिक लाकडातून हळूहळू पाझरतं, म्हणून अमेरिकेत 2003 अखेरीपासून अंगणातल्या खेळांसाठी आणि घरगुती बांधकामासाठी असं लाकूड बनवणं थांबलं. आपल्याकडे कूलिंग टॉवरच्या मोडीतून असं लाकूड स्वस्तात मिळतं आणि "ट्रीटेड आहे, पन्नास वर्षं बघायला नको" म्हणून मुलांच्या सेटसाठी गळ्यात मारलं जातं. ते घेऊ नका. आणि आधीच अंगणात असेल तर ते फोडून बंबात, शेकोटीत किंवा फाल्गुनात होळीत घालू नका. त्याच्या धुरात आणि राखेत ते आर्सेनिक तसंच राहतं, आणि होळीची राख दुसऱ्या दिवशी मुलांच्याच कपाळाला लावली जाते.